संशयाचा आकडा

मार्च २०२० मध्ये नेदरलँड्सच्या क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने छातीच्या सीटी स्कॅनचे अहवाल एकाच साच्यात लिहिता यावेत म्हणून 'को-रॅड्स' ही श्रेणी आखली. कोविडचा संशय फार कमी असेल तर १, फार जास्त असेल तर ५. प्रत्येकाने आपापल्या शब्दांत मोघम लिहिण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

पण आठ तज्ज्ञांनी तेच १०५ रुग्ण तपासले, तेव्हा ८४० नोंदींपैकी ५७३ च तंतोतंत जुळल्या. १ आणि ५ या टोकांना एकमत अधिक, मधल्या श्रेणींत कमी. म्हणजे डॉक्टर अडतो नेमके तिथेच ही पट्टी डळमळते. शिवाय हा नुसता क्रम आहे, माप नव्हे. ४ म्हणजे २ ची दुप्पट नाही. (वर्गातल्या पहिल्या-दुसऱ्या नंबरांतले अंतर तरी नंबरावरून कुठे कळते?)

२०२१ मध्ये आपल्याकडे घरोघर 'स्कोअर किती?' असे विचारले जाई, तो आकडा निराळाच. फुप्फुसांच्या पाच खंडांना प्रत्येकी ५, असे २५ पैकी गुण. तो आजार किती पसरला हे सांगतो, को-रॅड्स फक्त संशय किती ते. को-रॅड्स ५ असलेल्या रुग्णाला २५ पैकी ३ च गुण असू शकतात. दोन्ही आकडे जिथे छापायचे, तिथे कोणता कशाचा हे रुग्णाच्या भाषेत एका ओळीत लिहायला काय हरकत होती?