‘समारंभ’ : व्युत्पत्ती आणि अर्थ

‘समारंभ’ या शब्दाची सम् + आ + रभ् अशी फोड करून ‘उत्तम प्रकारे केलेला आरंभ’ हा त्याचा मूळ अर्थ सांगावयाचा, आणि मंगलकार्याच्या आरंभी लोक जमतात म्हणून त्या जमण्यालाच पुढे समारंभ म्हणू लागले असे त्यास जोडावयाचे, हे स्पष्टीकरण सहज सुचण्याजोगे आहे. त्यातील फोड बरोबर आहे. पुढची जोड मात्र टिकत नाही. निरोपाचा समारंभ एखाद्या गोष्टीच्या शेवटीच होतो, आणि ‘समारंभाचा समारोप’ म्हणताना कोणाही मराठी माणसाला विसंगती जाणवत नाही.

‘रभ्’ धातूचा जुना अर्थ धरणे असा आहे. यज्ञकर्मात एकाने दुसऱ्यास स्पर्श करून राहणे यास ‘अन्वारंभ’ म्हणतात. तेथे तो अर्थ शाबूत आहे. काम हाती धरणे म्हणजे ते सुरू करणे खरे, परंतु हाती धरलेले कार्य हाही आरंभच. गीतेत (४.१९) ज्ञानी पुरुषाच्या ज्या समारंभांचा उल्लेख येतो ती त्याची कर्मे होत, सुरुवाती नव्हेत. ‘उपक्रम’ शब्दाचा प्रवासही याच वाटेने झालेला आहे.

कार्यापासून मेळाव्यापर्यंतचा मधला दुवा मराठीच्या एका प्रयोगात सापडतो. ‘मुलीचे लग्न मोठ्या समारंभाने केले’ या वाक्यातील तृतीया लक्षणीय आहे. तेथे ‘मेळाव्याने’ घातल्यास वाक्य बिघडते, ‘थाटाने’ घातल्यास बिघडत नाही. म्हणजे कार्य, कार्याची सिद्धता व थाट, आणि मग त्यानिमित्त जमलेली मंडळी, असा हा क्रम दिसतो. कोशात केवळ ‘उत्सव’ एवढाच प्रतिशब्द दिल्यास हा दुवा हरवतो.

मूळ अर्थ अद्याप पुरता लोपलेला नाही. हळदीकुंकू, सत्कार, पदवीदान यांचे समारंभ होतात, कारण तेथे कोणी तरी यजमान असतो, आमंत्रणे जातात, मांडामांड होते. आषाढीच्या वाटेवरचा मात्र पालखी सोहळा. त्यास ‘पालखी समारंभ’ कोणी म्हणत नाही. सोहळा पाहावयाचा व अनुभवावयाचा असतो, समारंभ घडवून आणावा लागतो.

कन्नड व गुजराती या शेजारच्या भाषांतही ‘समारंभ’ याच अर्थाने रूढ आहे. हिंदीत मात्र ते काम ‘समारोह’ करतो. तेव्हा हा अर्थविकास एकट्या मराठीच्या पदरी घालणे बरोबर होणार नाही.