परत फिरलेली पावले

ग्रॅहम ग्रीन यांच्या ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ (१९४०) या कादंबरीचा नायक एक निनावी धर्मगुरू आहे. मेक्सिकोच्या एका प्रांतात धर्माचरणावर बंदी आहे आणि हा फरारी धर्मगुरू मद्यपी, शिवाय एका मुलीचा बाप. त्याचा पाठलाग करणारा लेफ्टनंट मात्र निर्व्यसनी, गरिबांविषयी कळवळा असणारा. पण हाच माणूस निरपराध ओलिसांना गोळ्या घालतो.

ग्रीन निवाडा देत नाहीत. कृती तेवढी दाखवतात. प्रांताची सीमा ओलांडून सुरक्षित झालेल्या धर्मगुरूला एका मरणासन्न खुन्याच्या प्रायश्चित्त संस्कारासाठी बोलावणे येते. हा सापळा आहे हे ओळखूनही तो परत फिरतो आणि प्राणांना मुकतो. खुनी तर पापे कबूल करायलाही तयार होत नाही. फळ हाती न लागल्यामुळेच त्या परत फिरण्याचे मोल निर्भेळ उरते.

यामुळे त्याचे दोष पुसले जात नाहीत. ग्रीन ते झाकतही नाहीत. पण धर्मग्रामात आपण माणसे जोखतो ती त्यांच्या लौकिकावरून. हाक आली तेव्हा त्यांची पावले कुठे वळली, हे आपण कधी पाहतो का?