परीक्षेची इंग्रजी आणि चिनी भाषक विद्यार्थी : ‘कॉलेज इंग्लिश टेस्ट’च्या पूर्वतयारीची चिकित्सा

प्रस्तावना

चीनमधील विद्यापीठांत इंग्रजी हा मुख्य विषय नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी १९८७ मध्ये ‘कॉलेज इंग्लिश टेस्ट’ या परीक्षेची चौथी श्रेणी सुरू झाली. त्यानंतर दोन वर्षांनी, १९८९ मध्ये, सहावी श्रेणी आली. जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा होणारी ही परीक्षा देणाऱ्यांची संख्या आज कोटींच्या घरात मोजली जाते. अभियांत्रिकी, वैद्यक, शेती, कायदा अशा कोणत्याही शाखेचा विद्यार्थी असला तरी पदवीच्या काळात या परीक्षेशी त्याची गाठ पडतेच.

परीक्षेचा अध्ययन-अध्यापनावर जो उलट परिणाम होतो, त्याला भाषामापनाच्या अभ्यासात ‘वॉशबॅक’ अशी संज्ञा आहे. १९९३ मध्ये चार्ल्स ऑल्डरसन व डायॅन वॉल यांनी असा परिणाम खरोखर होतो का, हाच मूलभूत प्रश्न उपस्थित केला आणि तो गृहीत न धरता तपासला पाहिजे, असे प्रतिपादन केले. त्याआधी सॅम्युएल मेसिक यांनी परीक्षेच्या सप्रमाणतेच्या कल्पनेत तिच्या सामाजिक परिणामांचाही विचार अंतर्भूत केला होता. या दोन विचारसूत्रांच्या आधारे, ‘कॉलेज इंग्लिश टेस्ट’च्या चौथ्या श्रेणीची पूर्वतयारी चिनी भाषक विद्यार्थ्याला इंग्रजीच्या जवळ नेते की केवळ परीक्षेच्या जवळ नेते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

परीक्षेची घडण

या परीक्षेच्या विरोधात बोलताना ती का निर्माण झाली, हे विसरून चालत नाही. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात बंद पडलेली विद्यापीठ प्रवेशपरीक्षा १९७७ मध्ये पुन्हा सुरू झाली. पुढील दशकात विद्यार्थिसंख्या वाढत गेली. परंतु एका विद्यापीठातील ‘उत्तम’ दुसऱ्या विद्यापीठात ‘साधारण’ ठरावा, इतकी इंग्रजीच्या अध्यापनात विषमता होती. अशा वेळी देशभर एकच प्रश्नपत्रिका, यंत्राने तपासता येतील अशी उत्तरे आणि सर्वांना समान मोजमाप ही मोठी सोय होती. शिफारस किंवा ओळख नसलेल्या खेड्यातील विद्यार्थ्याला अशा परीक्षेत जे संरक्षण मिळते, ते नाकारता येणार नाही.

सध्याच्या रचनेनुसार चौथ्या श्रेणीची परीक्षा १२५ मिनिटांची आहे. त्यात लेखनाला ३०, श्रवणाला २५, वाचनाला ४० आणि चिनीतून इंग्रजीत भाषांतराला ३० मिनिटे दिली जातात. गुणांची विभागणी अनुक्रमे १५, ३५, ३५ आणि १५ टक्के अशी आहे. याचा अर्थ असा की, सत्तर टक्के गुण दिलेल्या पर्यायांतून निवड करण्याला आहेत आणि स्वतःचे वाक्य रचण्याला तीस टक्के आहेत. संभाषणाची परीक्षा स्वतंत्र व ऐच्छिक आहे. १९९९ मध्ये ती सुरू झाली. परंतु लेखी परीक्षेत उच्च गुण मिळवणाऱ्यांनाच तिचे दार दीर्घकाळ उघडे होते. ज्याला बोलण्याचा सराव सर्वांत अधिक हवा, तोच या दाराबाहेर राहिला.

२००५ पासून गुण ७१० पैकी दिले जाऊ लागले आणि उत्तीर्णतेच्या प्रमाणपत्राऐवजी केवळ गुणपत्रक दिले जाऊ लागले. प्रमाण-गटाच्या तुलनेत, ५०० ही सरासरी व ७० हे प्रमाण विचलन धरून, हे गुण काढले जातात. ‘उत्तीर्ण-अनुत्तीर्ण’ हा शिक्का पुसून टाकण्याचा त्यामागील हेतू स्तुत्य होता. तथापि सहाव्या श्रेणीला बसण्यासाठी ४२५ गुणांची अट राहिली आणि समाजाने त्याच आकड्याला उत्तीर्णतेची रेषा मानले. नोकरीच्या जाहिरातींतही तोच आकडा झळकू लागला. शिक्का पुसला गेला, पण त्याची जागा आकड्याने घेतली.

भाषेतील अंतर

चिनी भाषकाला इंग्रजी कोठे अडते, हे पाहिल्याशिवाय त्याच्या पूर्वतयारीचे मूल्यमापन होऊ शकत नाही. मराठी वाचकाला यातील काही अडचणी परिचित वाटतील. चिनीत इंग्रजीसारखी उपपदे नाहीत, मराठीतही नाहीत. चिनीत ‘स्वेइरान’ आणि ‘दान्श’ ही अव्यये जोडीने येतात, जशी मराठीत ‘जरी’ आणि ‘तरी’ येतात. म्हणून इंग्रजीत ‘ऑलदो’ लिहून झाल्यावर ‘बट’ लिहिण्याचा मोह दोन्ही भाषकांना सारखाच होतो. ‘काल आलेला मुलगा’ या मराठी रचनेप्रमाणे चिनीतही विशेषण-वाक्यांश नामाच्या आधी येतो, इंग्रजीत मात्र तो नामाच्या मागे जातो.

येथपर्यंत साम्य आहे. पुढे मात्र वाट वेगळी होते. मराठी क्रियापद काळ, लिंग, वचन आणि पुरुष यांनुसार बदलते. त्यामुळे क्रियापदाचे रूप बदलले पाहिजे, ही जाणीव मराठी भाषकाला उपजत असते. चिनी क्रियापद असे बदलत नाही. क्रिया घडून गेली, अनुभवास आली किंवा चालू आहे, हे सांगण्यासाठी ‘ल’, ‘ग्वो’, ‘ज’ यांसारखे स्वतंत्र शब्द आहेत. काळ हा बहुधा ‘काल’, ‘उद्या’ या शब्दांवरून किंवा संदर्भावरून कळतो. नामालाही सामान्यतः वचनाचा प्रत्यय लागत नाही. बोलण्यातील ‘तो’ आणि ‘ती’ यांना एकच ‘था’ हा उच्चार आहे; म्हणून इंग्रजी चांगली येणारा चिनी भाषकही बोलताना ‘ही’ आणि ‘शी’ यांची अदलाबदल करतो.

यात उच्चाराची अडचण मिसळते. प्रमाण चिनीतील अक्षर स्वराने, अनुनासिकाने किंवा फार तर ‘र’सदृश ध्वनीने संपते. इंग्रजीतील भूतकाळ आणि अनेकवचन ही नेमकी शब्दाच्या शेवटच्या व्यंजनात वसलेली असतात. ‘वॉक’ आणि ‘वॉक्ट’, ‘डेस्क’ आणि ‘डेस्क्स’ यांतील भेद त्या शेवटच्या टोकावर आहे. जे व्याकरण मातृभाषेत नाही, ते ज्या ध्वनीत दडले आहे तो ध्वनीही मातृभाषेत नाही. श्रवणाच्या भागात ध्वनिफीत एकदाच ऐकवली जाते, तेव्हा ही दुहेरी उणीव विद्यार्थ्याला घेरते. याला आळस किंवा बुद्धिमांद्य म्हणणे अन्यायाचे ठरेल.

पूर्वतयारीची रीत

आता विद्यार्थी तयारी कशी करतो, ते पाहावे. पहिले साधन शब्दसंग्रहाचे पुस्तक. अलीकडे त्याची जागा मोबाइलवरील अ‍ॅपने घेतली आहे. चौथ्या श्रेणीसाठी सुमारे साडेचार हजार शब्द अपेक्षित धरले जातात. वर्णानुक्रमाने लावलेल्या अशा पुस्तकांत ‘अ‍ॅबॅन्डन’ म्हणजे ‘सोडून देणे’ हा शब्द अगदी आरंभी येतो आणि अनेकांचा अभ्यास तेथेच सुटतो, असा विनोद चिनी विद्यार्थ्यांत रूढ आहे. विनोदामागील वस्तुस्थिती गंभीर आहे. शब्द वाक्यातून सुटा काढून एका चिनी प्रतिशब्दाशी बांधला जातो. त्याची रूपे, त्याचे सोबती शब्द, त्याचे उपपद हे सारे मागे राहते.

दुसरे साधन गुणांचे गणित. सखोल वाचनाच्या दहा प्रश्नांना वीस टक्के गुण आहेत, तर पंधरा शब्दांतून दहा निवडून गाळलेल्या जागा भरण्याच्या प्रश्नाला पाच टक्के. म्हणजे सखोल वाचनातील एक उत्तर चार गाळलेल्या जागांच्या तोडीचे ठरते. साहजिकच गाळलेल्या जागा शेवटी, वेळ उरल्यास भराव्यात, असा सल्ला दिला जातो. हिशेबाने हा सल्ला बिनचूक आहे. परंतु या जागी कोणता शब्द बसेल, हे ठरवताना शब्दाची जात, क्रियापदाचे रूप आणि वचन यांचा विचार करावाच लागतो. चिनी भाषकाला ज्याची सर्वाधिक गरज आहे, तोच सराव परीक्षेने सर्वांत स्वस्त केला आहे, आणि तयारीने तो सर्वांत आधी सोडून दिला आहे.

तिसरे साधन निबंधाचा साचा. १२० ते १८० शब्दांच्या लेखनासाठी आरंभ, मध्य व शेवट यांची तयार वाक्ये पाठ केली जातात आणि विषयाचा शब्द रिकाम्या जागी बसवला जातो. काही टीकाकार याचा संबंध १९०५ मध्ये बंद झालेल्या राजपरीक्षेशी व तिच्यातील आठ अंगांच्या निबंधाशी जोडतात. ही तुलना अर्धीच खरी आहे. जुन्या परीक्षार्थीला साचा भरण्यासाठी अभिजात ग्रंथ मुखोद्गत असावे लागत. आजच्या साच्याला ग्रंथाची गरज नाही. चिनी परंपरेतील पाठांतर हे उत्तम गद्याचे पाठांतर होते, त्यातून लय आणि रचना अंगी मुरे. साच्याचे पाठांतर हे कोणत्याही विषयाला लागू पडणाऱ्या, म्हणून कोणत्याच विषयाविषयी काही न सांगणाऱ्या वाक्यांचे असते. दोष पाठांतराचा नसून पाठ करण्यासाठी निवडलेल्या मजकुराचा आहे.

या शिक्षणातून निपजणाऱ्या भाषेला चीनमध्येच ‘मुकी इंग्रजी’ असे नाव आहे. तिच्यावर उतारा म्हणून ‘क्रेझी इंग्लिश’ची चळवळ उभी करणारे ली यांग हे स्वतः लानचौ विद्यापीठात याच चौथ्या श्रेणीची तयारी करताना उघड्यावर मोठमोठ्याने इंग्रजी ओरडत असत आणि १९८८ मध्ये त्यांनी उत्तम गुण मिळवले, अशी त्यांची प्रसिद्ध हकीकत आहे. चांग युआन यांच्या १९९९ मधील अनुबोधपटात हजारोंच्या समुदायाने केलेला हा इंग्रजीचा गजर पाहावयास मिळतो. ओरडल्याने जीभ सैल होते, संकोच मोडतो; परंतु ओरडणारा जे म्हणतो ते त्याचे वाक्य नसते. मुक्या इंग्रजीला आवाज मिळाला, तरी तिला स्वतःचे म्हणणे मिळाले असे म्हणता येत नाही.

भाषांतराचा प्रश्न

डिसेंबर २०१३ पासून परीक्षेत चिनी परिच्छेदाचे इंग्रजी भाषांतर समाविष्ट झाले. चौथ्या श्रेणीत हा परिच्छेद १४० ते १६० चिनी अक्षरांचा असतो. इतिहास, संस्कृती, अर्थकारण व समाजजीवन हे त्याचे विषय. तत्त्वतः हा बदल स्वागतार्ह होता. विद्यार्थ्याची भाषा अडथळा म्हणून नव्हे, तर आधार म्हणून प्रश्नपत्रिकेत आली. आपल्या सणांविषयी, उद्यानांविषयी, चहाविषयी परक्यांना सांगता यावे, ही अपेक्षा यथार्थच आहे.

पूर्वतयारीने मात्र याही प्रश्नाची यादी केली. सणांची, पक्वान्नांची, राजवंशांची इंग्रजी नावे पाठ होऊ लागली. वस्तुतः अशा परिच्छेदात नाव चुकल्याने अर्थ फारसा बिघडत नाही. तो बिघडतो तो क्रियापदाच्या रूपाने. मूळ चिनी वाक्य कर्ता गाळते, काळ उघड करत नाही, एक की अनेक हे सांगत नाही. इंग्रजीत आणताना हे सारे निर्णय विद्यार्थ्याला स्वतः घ्यावे लागतात. ‘लोक चंद्र पाहतात’ हे आजही घडते, की एकेकाळी घडत असे? चंद्रापुढे कोणते उपपद? हे निर्णय घेणे हेच भाषांतर होय. दोन भाषांमधील अंतर विद्यार्थ्याला येथे जितके स्पष्ट दिसू शकते, तितके अन्य कोणत्याही प्रश्नात दिसत नाही. यादी पाठ करणारा नेमका हाच क्षण गमावतो.

आणखी एक मुद्दा बहुधा दुर्लक्षित राहतो. ‘चिनी भाषक’ ही संज्ञा वाटते तितकी एकजिनसी नाही. कॅन्टनी किंवा मिन बोलीत वाढलेल्याला लेखनाची प्रमाण भाषा शाळेत शिकावी लागते. तिबेटी अथवा उइगुर घरातील विद्यार्थ्याची तर मातृभाषाच वेगळी आहे. त्याच्यासाठी हा प्रश्न दुसऱ्या भाषेतून तिसऱ्या भाषेत जाण्याचा आहे. परीक्षा समान असली, तरी परीक्षार्थी समान ठिकाणाहून निघालेले नाहीत. एलाना शोहामी यांनी २००१ मधील आपल्या ग्रंथात परीक्षेच्या ज्या सत्तेचा विचार मांडला, तिचे हे सौम्य परंतु प्रभावी रूप आहे. परीक्षा येथे कोणाला बाहेर काढत नाही. कोण किती चालून आले, हे ती फक्त विचारत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, चौथ्या श्रेणीची परीक्षा अकारण जन्मलेली नाही आणि तिचे घटक स्वतंत्रपणे पाहता सदोषही नाहीत. गाळलेल्या जागा, लेखन व भाषांतर या तिन्ही प्रश्नांत चिनी भाषकाच्या खऱ्या अडचणींना भिडण्याची क्षमता आहे. परंतु गुणांची विभागणी आणि एका आकड्याला मिळालेली प्रतिष्ठा यांमुळे पूर्वतयारी त्या अडचणींना वळसा घालून पुढे जाते. वळसा घालूनही ४२५ गाठता येतात, हाच या परीक्षेवरील सर्वांत गंभीर आक्षेप होय.

२०१८ मध्ये चीनने इंग्रजी क्षमतेची नऊ पातळ्यांची राष्ट्रीय मानके जाहीर केली. २०२३ मध्ये शिआन जियाओतोंग विद्यापीठाने या परीक्षेच्या गुणांचा पदवीशी असलेला संबंध तोडला. पदवीची टांगती तलवार दूर झाल्याने विद्यार्थ्याचा ताण हलका होईल, यात शंका नाही. मात्र नोकरी देणारा जोवर आकडा विचारतो आहे, तोवर यादी, साचा आणि हिशेब यांचा बाजार बंद होणार नाही. त्यासाठी वर्गातील शिक्षकाने परीक्षेच्याच प्रश्नांचा वेगळा उपयोग केला पाहिजे. भाषांतराचा एक परिच्छेद घेऊन ‘येथे काळ कोणता, आणि तो तुम्ही कशावरून ठरवलात?’ एवढे विचारले, तरी पुरे. याचे उत्तर देताना चिनी भाषक विद्यार्थी दोन्ही भाषा एकाच वेळी शिकत असतो. आणि ते उत्तर कोणत्याही साच्यात तयार मिळत नाही.