लाल रंगाचा हेतू कुठे गेला?

महिन्याभरापूर्वी आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, माहीमच्या खाडीजवळचं घर विकून टाकू का?" घरं शोधण्याच्या एका अ‍ॅपमध्ये त्याला समुद्रपातळीचा नकाशा दिसला होता. २०५० साली त्याची गल्ली लाल!

अशा नकाशांत क्लायमेट सेंट्रल या अमेरिकी संस्थेचा नकाशा सर्वांत परिचित. त्यामागचं कल्प आणि स्ट्राउस यांचं २०१९चं संशोधन मोलाचं आहे, हे आधीच सांगतो. २००० साली अंतराळयानातल्या रडारने जमिनीची उंची मोजली, तेव्हा झाडांचे शेंडे आणि इमारतींची छपरंही जमिनीत धरली गेली. त्यामुळे किनारे खऱ्यापेक्षा उंच भासत. ती चूक त्यांनी बरीच दुरुस्त केली.

मग आमची तक्रार कशाबद्दल? नैयायिक सांगतात, डोंगरावर अग्नी आहे एवढं म्हणून भागत नाही. धूर दिसतो हा हेतूही सांगावा लागतो. २०५०चा समुद्र कोणी पाहिलेला नाही. म्हणजे नकाशा हे प्रत्यक्ष नव्हे, अनुमान आहे. मूळ पानावर त्याचे हेतू दिलेले असतात: उत्सर्जन किती धरलं, पुराची पातळी कोणती धरली. पण दुसऱ्याच्या अ‍ॅपमध्ये आयफ्रेमच्या चौकटीत नकाशा बसवताना साल आणि पर्याय बसवणाराच ठरवून टाकू शकतो, आणि टिपा मूळ पानावरच राहतात. उरतो लाल रंग. निष्कर्ष राहिला, हेतू गळला. शिवाय बोटाने नकाशा सरकतो, मोठा होतो. म्हणून तो डोळ्यांनी पाहिल्यासारखाच वाटतो.

आणि जिथे रंग नाही, तिथलं काय? हे नकाशे मुख्यतः जमिनीची उंची आणि समुद्राची पातळी ताडून पाहतात. पावसाचा पूर त्यांत धरलेला नसतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो आठवा. कोरा भाग पाहून निश्चिंत झालेला माणूस घाबरलेल्यापेक्षा जास्त फसतो.

आमचं मागणं साधं आहे. साल, उत्सर्जनाचं गृहीत आणि काय धरलेलं नाही, या तीन गोष्टी चौकटीच्या आत, नकाशाला चिकटून हव्यात. पाहणाऱ्याने पर्याय निवडल्याशिवाय रंग दिसूच नये.

विद्यार्थ्याला आम्ही म्हटलं, "घराचं तू ठरव. पण लाल कशामुळे, ते आधी अ‍ॅपवाल्यांना विचार." त्याने विचारलं. उत्तर अजून आलेलं नाही.