खेळातून घडणारा कान : व्हिडिओ गेमचे संगीत आणि सांगीतिक अभिरुची

१

सांगीतिक अभिरुचीचा विचार करताना आपली समीक्षा सामान्यतः मैफल, घराणे आणि गुरुपरंपरा यांच्यापाशी थांबते. फार तर ध्वनिमुद्रिका आणि आकाशवाणी यांची दखल घेते. श्रोता मुद्दाम ऐकावयास बसतो ते संगीतच त्याची अभिरुची घडविते, असे गृहीतक यामागे असते. परंतु मराठी समाजाचा स्वतःचा इतिहास या गृहीतकाला अनुकूल नाही. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल'चा प्रयोग झाला, तेव्हा जमलेला प्रेक्षक नाटक पाहावयास आला होता. पुढील अर्धशतकात त्याच प्रेक्षकाच्या कानावर रागसंगीताचे जे संस्कार झाले, ते कथानकाच्या ओघात झाले. दुसऱ्या कशासाठी तरी आलेल्या माणसाच्या कानात संगीत शिरते आणि तेथेच मुक्काम करते, हा अनुभव आपणांस नवा नाही.

व्हिडिओ गेममधील संगीताकडे या दृष्टीने पाहावे, असा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. हा विषय पोरकट वाटण्याचा संभव आहे. तथापि १९९०च्या दशकात बालपण गेलेली पिढी आज मध्यम वयाकडे झुकली आहे, आणि तिच्या कानाची पहिली घडण कशाने झाली हा प्रश्न अभिरुचीच्या अभ्यासकाला टाळता येणार नाही.

२

जबलपूरमधील ओमतीसारखा परिसर या विचारासाठी उपयुक्त ठरतो. १८१७पर्यंत हे शहर नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होते. पुढे रेल्वे, १९०४ साली सुरू झालेला तोफगाडी कारखाना आणि १९५६पासूनचे उच्च न्यायालय यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे येथे येत व स्थिरावत राहिली. अशा कुटुंबांत मराठीचा वारसा पुस्तकांपेक्षा गाण्यांतून अधिक चालत आला. १९५५-५६मध्ये पुणे आकाशवाणीवरून वर्षभर सादर झालेल्या 'गीतरामायणा'ची छप्पन्न गीते, नाट्यपदे, भावगीते आणि गणेशोत्सवातील आरत्या यांनी हिंदी भाषक शहरात मराठी उच्चार टिकवून धरला. घराबाहेर हिंदी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी आणि घरात गाण्यांची मराठी, अशी ही वाटणी होती.

या वाटणीत १९९०च्या दशकात एक चौथा आवाज दाखल झाला. जपानी 'फॅमिकॉम' यंत्राच्या स्वस्त प्रतिकृती भारतीय बाजारात आल्या आणि दूरदर्शन संचाला जोडून घरोघरी 'मारिओ' व 'कॉन्ट्रा' खेळले जाऊ लागले. या आवाजाला भाषा नव्हती. तो हिंदी नव्हता, मराठी नव्हता, आणि इंग्रजीही नव्हता. मराठी घरातील मूल आणि शेजारच्या हिंदी घरातील मूल यांना प्रथमच एकच सूर, कोणत्याही भाषेच्या मध्यस्थीवाचून, सारखाच पाठ झाला. आपल्या प्रश्नाचा गाभा येथे आहे.

३

या संगीताचे स्वरूप प्रथम समजून घ्यावयास हवे. फॅमिकॉमच्या ध्वनियंत्रणेत एकूण पाच मार्ग होते : दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक खरखरीचा व एक मुद्रित ध्वनिनमुन्यांचा. एवढ्या सामग्रीत वाद्यवृंदाचा भरणा अशक्य होता. म्हणून रचनाकाराला सारी भिस्त ठळक, आटोपशीर आणि पुनरावृत्ती सोसणाऱ्या चालीवर ठेवावी लागली. कोजी कोंडो यांनी १९८५च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'साठी केलेली रचना हे याचे ठळक उदाहरण होय. पात्राच्या धावण्या-उडण्याच्या लयीशी ती इतकी एकरूप आहे की चाल आठवली म्हणजे बोटांची हालचालही आठवते.

हे संगीत 'पार्श्वसंगीत' आहे असे म्हणून भागणार नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात ध्रुवागानाचे पाच प्रकार सांगितले आहेत. पात्राच्या प्रवेशाची प्रावेशिकी, निर्गमनाची नैष्क्रामिकी, चालू क्रम मोडून नवा भाव आणणारी आक्षेपिकी, प्रेक्षकाचे चित्त प्रसन्न करणारी प्रासादिकी आणि प्रयोगातील खंड झाकणारी अंतरा, असे ते होत. मारिओच्या खेळात टप्पा सुरू होताच चाल सुरू होते, पात्र मरताच निर्गमनाची छोटी धून वाजते, आणि वेळ संपत आली की तीच चाल अधिक घाईने धावू लागते. शेवटचा प्रकार म्हणजे आक्षेपिकीच होय. हे साम्य प्रभावाचे नाही, प्रयोजनाचे आहे. प्रयोगाच्या अंगभूत गरजेतून संगीत जन्मते तेव्हा त्याची कार्ये दूरदूरच्या परंपरांत सारखी निघतात, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

एक भेद मात्र मूलभूत आहे. संगीत नाटकात पदाची पुनरावृत्ती रसिकाच्या इच्छेने होई. 'वन्समोअर' हा त्याचा हक्क होता. खेळात पुनरावृत्ती घडते ती खेळणाऱ्याच्या अपयशाने. तो हरतो, पुन्हा आरंभापासून सुरुवात करतो आणि आरंभीची चाल पुन्हा ऐकतो. परिणामी पहिल्या टप्प्याचे संगीत सर्वांना पाठ असते, तर अखेरचे संगीत ज्याने खेळ जिंकला त्यालाच ठाऊक असते. मारिओची पहिली धून आवडते असे कोणी म्हणतो, तेव्हा त्या आवडीत त्याच्या चिकाटीचा वाटा किती आणि चालीच्या गुणाचा किती, हे वेगळे करणे सोपे नाही.

४

केवळ पुनःपुन्हा समोर येण्याने एखादी गोष्ट आवडू लागते, असे रॉबर्ट झायोन्क या मानसशास्त्रज्ञाने १९६८मध्ये मांडले. या सिद्धांताच्या आधारे काहीजण असा निष्कर्ष काढतील की खेळातील संगीताची आवड ही निव्वळ सवय आहे, तिला अभिरुची म्हणू नये. हा आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा. मात्र तोच आक्षेप नाट्यसंगीताच्या रसिकालाही लागू पडतो, हे विसरता कामा नये. सवय ही अभिरुचीची विरोधक नसून तिची पूर्वावस्था आहे. अभिनवगुप्तानेही सहृदयाच्या मनाचा आरसा अभ्यासाने निर्मळ होतो असे मानले आहे, आणि अभ्यास म्हणजे पुनरावृत्तीच. प्रश्न एवढाच की पुनरावृत्ती कोठे थांबते आणि विवेक कोठे सुरू होतो.

याची एक कसोटी नाट्यसंगीताच्या इतिहासातूनच मिळते. 'मानापमान' (१९११) आणि 'स्वयंवर' (१९१६) यांची पदे गोविंदराव टेंबे आणि भास्करबुवा बखले यांच्या चालींमुळे रंगभूमीच्या बाहेर पडली, ध्वनिमुद्रिकांवर गेली, मैफलीत गायिली जाऊ लागली. कथानकाचा आधार सुटल्यावरही जे पद तग धरून राहिले त्याच्याविषयीची आवड सवयीच्या पलीकडे गेली. खेळातील संगीताच्या बाबतीतही हे घडले आहे. 'ड्रॅगन क्वेस्ट'च्या संगीताची मैफल जपानमध्ये १९८७मध्येच झाली. २३ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात खेळाडूंचे संचलन खेळांतील संगीताच्या साथीने झाले. आणि २०२३मध्ये मारिओची धून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत समाविष्ट झाली. असा मान मिळविणारे ते पहिले खेळसंगीत होय. हातातील खेळ सुटल्यावरही चाल उरली, याचा हा पुरावा आहे.

५

दुसरा आक्षेप अधिक सांगीतिक आहे. पायरी-पायरीने चढणाऱ्या यांत्रिक स्वरांवर वाढलेल्या कानाला मींड, श्रुती आणि स्वरांमधील अवकाश ऐकू येईल काय? ही शंका निराधार नाही. पण ती आपण पूर्वीही ऐकली आहे. १९४०मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली ती याच कारणासाठी, आणि १९७१नंतरच ती सैल होऊ लागली. दरम्यान ज्या मराठी कानांनी रागसंगीताची गोडी घेतली त्यांतील पुष्कळांनी ती पेटी आणि ऑर्गन यांच्याच साथीने घेतली. टेंबे स्वतः नामांकित हार्मोनियमवादक होते. सदोष मानलेले वाद्य हेच अनेकांसाठी प्रवेशद्वार ठरले.

अभिरुचीला वरून वळण लावण्याचा प्रयत्नही आपल्या स्मरणात आहे. माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या काळात, १९५२पासून, आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोता शास्त्रीय संगीताकडे वळेल अशी अपेक्षा होती. तो रेडिओ सिलोनकडे वळला. अखेर १९५७मध्ये 'विविध भारती' सुरू करावी लागली. केसकरांची तळमळ खोटी नव्हती, त्यांनी शास्त्रीय संगीताला दिलेला आधारही मोलाचा होता. चुकले ते साधन. कानाला मनाई करून अभिरुची घडत नाही, तिच्यासाठी कानाजवळ काहीतरी सतत असावे लागते. आजच्या पालकांनी व शिक्षकांनी खेळातील संगीताविषयी त्रागा करण्यापूर्वी हा इतिहास आठवावा.

६

तरीही येथे थांबणे म्हणजे प्रश्नाची सोपी बाजू घेणे होईल. नाट्यपद आणि खेळाची धून यांतील खरा भेद यांत्रिकतेचा नाही, शब्दांचा आहे. नाट्यपदाची चाल आवडली की तिच्यासोबत मराठी येत असे. अर्थ न कळताही मूल ते शब्द उच्चारी, आणि पुढे कधीतरी अर्थ उलगडे. ओमतीतील मराठी घरात भाषा टिकली ती या आडवाटेने. खेळाची धून अशी कोणतीच भाषा सोबत आणीत नाही. शब्द आले तरी ते दूरचे असतात. 'सिव्हिलायझेशन ४' (२००५) या खेळासाठी क्रिस्टोफर टिन यांनी रचलेले 'बाबा येतू' हे गीत स्वाहिली भाषेत आहे. त्याला २०११मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला, आणि बहुसंख्य श्रोत्यांना त्याचा एकही शब्द समजत नसतो. २००२च्या 'व्हाइस सिटी'मधील काल्पनिक रेडिओ केंद्रांनी तर तो खेळ खेळणाऱ्या भारतीय मुलांना त्यांच्या जन्मापूर्वीच्या इंग्रजी गाण्यांची ओढ लावली.

म्हणजे नव्या कानाची कक्षा रुंदावली आहे, यात शंका नाही. तोट्याची नोंद दुसऱ्या स्तंभात करावी लागते : बृहन्महाराष्ट्रातील घरांत संगीताची आवड आणि भाषेचा वारसा यांची जी गाठ होती ती सैल झाली आहे. तरुणाचे संगीतप्रेम वाढूनही त्याची मराठी त्या प्रमाणात वाढेल, याची हमी उरलेली नाही.

यावर उत्तर म्हणून पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेच्या 'राजी' (२०२०) या खेळाकडे बोट दाखविता येईल. भारतीय पुराणकथांवर आधारलेल्या या खेळाचे संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक रचनाकाराचे असून त्यात भारतीय वाद्यांचा नाद पाश्चात्त्य घडणीत गुंफला आहे. प्रयत्न स्वागतार्ह आहे. पण भारतीय नाद येथे मुख्यतः स्थळाचा रंग म्हणून येतो, आणि प्रकाशनाच्या वेळी त्यातील निवेदन इंग्रजीत होते. पुण्यात घडलेल्या खेळातूनही मराठी पद कानावर येऊ नये, हे केवळ तंत्राचे अपयश नव्हे. किर्लोस्करांनी पारशी रंगभूमी, कर्नाटकी चाली, कीर्तन आणि लावणी यांतून सूर उचलले, पण ते मराठी शब्दांत बसविले. उसनवारी त्यांनीही केली. मात्र तिच्यावर आपल्या भाषेची मोहोर उमटविली.

समीक्षेचे काम या नव्या संगीताला हीन ठरविणे हे नाही, आणि त्याची आरती ओवाळणे हेही नाही. कोणत्या चाली खेळाबाहेर जगतात, त्या कानाला पुढे कोठे नेतात आणि त्यांच्यासोबत काय हरपते, याची तपासणी तिने करावयास हवी. अभिरुची मुलाला आपोआप लाभते. भाषा मात्र कोणीतरी तिच्यात मुद्दाम घालावी लागते. संगीत नाटकाने ते काम एकेकाळी नकळत केले. ते आता कोण करणार, हा प्रश्न खेळ बनविणाऱ्यांइतकाच मराठीच्या अभ्यासकांनाही उद्देशून आहे.