गेडीस यांचा इंदूरचा अहवाल

पॅट्रिक गेडीस यांचा इंदूर नगररचनेवरील द्विखंडात्मक अहवाल (१९१८) केवळ इंजिनियरांनीं वाचावा, हें आम्हांस मान्य नाहीं. सरसकट रस्ते न फोडतां मोडकीं घरें तेवढीं काढून वस्ती राखावी, हा त्यांतील आग्रह. अंगणांतील तुळशीचा गौरव वाचतांना तर लेखक स्कॉटलंडचा, हेंच विसरावयास होतें. एप्रिल १९१७ मध्यें त्यांचा पुत्र अलास्डेर फ्रान्सच्या रणांगणावर पडला. आजारी पत्नी ॲना हिच्यापासून त्यांनीं ती वार्ता लपविली. जूनमध्यें तीही हिंदुस्थानांतच निवर्तली. त्याच वर्षीं इंदुरांत दिवाळीस प्लेगच्या उंदराची मिरवणूक काढणारे ते हेच गृहस्थ! शोकानें हा ग्रंथ लिहविला, असें आम्ही म्हणत नाहीं. पण चरित्र वगळून तो वाचूं नये. विद्यापीठाचें प्रकरण मात्र फार पाल्हाळिक झालें आहे.