‘वाइल्ड कार्ड’ : पाच लाख डॉलर आणि त्यानंतरचा एक डाव

सन 2015 च्या जानेवारीत प्रदर्शित झालेल्या ‘वाइल्ड कार्ड’ या अमेरिकन चित्रपटाविषयी प्रेक्षकांत सरळसरळ दोन तट पडले. नट जेसन स्टेथम आणि दिग्दर्शक सायमन वेस्ट ही जोडी ‘द मेकॅनिक’ (2011) मुळे मारधाडीच्या चित्रपटांच्या चाहत्यांना परिचित होती. हाणामारीची आखणी हाँगकाँगच्या कोरी युएन यांची. स्टेथमला नाव मिळवून देणाऱ्या ‘द ट्रान्सपोर्टर’ (2002) शीही त्यांचा संबंध होता. त्यामुळे एका तटाची अपेक्षा ठरलेली आणि तक्रारही ठरलेली : दीड तासात मोठ्या मारामाऱ्या तीनच, बाकी सारी बोलाचाली आणि पत्ते. दुसऱ्या तटास नेमकी ही बोलाचालीच रुचली. एरवी मुठी चालविणारा नट येथे थकलेला, स्वतःस कंटाळलेला माणूस म्हणून दिसतो, असे त्यांचे म्हणणे. समीक्षकांपैकी बहुतेकांनी मात्र चित्रपट नापसंतच केला.

आमच्या मते हे दोन्ही पक्ष मारामारीचीच मोजदाद करीत बसले. एकाला ती कमी वाटली, दुसऱ्याला बेताची. चित्रपटाचा प्राण ज्या प्रसंगात आहे त्यात कोणी कोणाला चापटही मारीत नाही.

कथा थोडक्यात अशी. निक वाइल्ड हा लास व्हेगास येथे भाड्याने अंगरक्षकाचे काम करतो. नेवाडा राज्याने 1931 साली जुगार कायदेशीर केला आणि हे शहर त्याच व्यवसायावर वाढले. निकचे काम कधी हास्यास्पदही असते : आरंभीच तो ठरवून एका गिऱ्हाइकाकडून मार खातो, जेणेकरून त्या गृहस्थाच्या मैत्रिणीस तो शूर वाटावा. पाच लाख डॉलर जमले की भूमध्य समुद्रातील कॉर्सिका बेटाकडे जावे आणि पाच वर्षे तेथे नौकेवर काढावीत, एवढेच त्याचे स्वप्न. पण हाती येणारा पैसा पत्त्यांच्या मेजावर जातो. होली नावाच्या त्याच्या मैत्रिणीस डीमार्को नावाचा गुंड अमानुष मारहाण करतो. निकच्या मदतीने ती त्याला गाठते, भीतीने गलितगात्र करते, त्याचे पन्नास हजार डॉलर उचलते आणि निम्मे निकला देऊन शहर सोडून जाते.

ते पंचवीस हजार घेऊन निक ब्लॅकजॅकच्या मेजाशी बसतो. एकवीसच्या आत राहून वाटणाऱ्यापेक्षा अधिक गुण मिळवायचे, असा हा साधा खेळ. पत्ते त्याच्या बाजूने पडत जातात आणि रक्कम पाच लाखांवर जाते. ज्या आकड्यासाठी तो इतकी वर्षे येथे अडकून राहिला, तो आकडा पुरा होतो. तो उठतोही. आणि मग, कोणीही आग्रह केलेला नसताना, त्याच्या मनात हिशेब सुरू होतो : पाच वर्षे संपल्यावर काय? पुन्हा याच शहरात? म्हणजे पाच लाख अपुरे आहेत; आयुष्यभर पुरेल इतके हवे. तो परत फिरतो, सारी रक्कम एका डावावर लावतो आणि हरतो.

हा प्रसंग आम्हांस असामान्य वाटतो. पटकथाकार विल्यम गोल्डमन यांनी येथे निकला मूर्ख दाखविलेले नाही, नशेत दाखविलेले नाही, कोणी फसविलेलेही नाही. त्याचा युक्तिवाद बिनतोड आहे, आणि हीच तर भयंकर गोष्ट होय. तृष्णा नेहमी वेड्यासारखी बोलते असे नाही. पुष्कळदा ती मुनीमजीसारखी हिशेब करून बोलते. हवे होते ते मिळाल्याबरोबर ‘पुरेसे’ या शब्दाचा अर्थच ती बदलून टाकते. ‘चित्रपटात काही घडत नाही’ असे म्हणणाऱ्या प्रेक्षकास हे घडणे दिसले नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात गृहपतिपुत्र सिगालास जुगाराचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये सिगालास केलेल्या उपदेशास गृहस्थांच्या विनयात स्थान दिले, हे वाचकांस ठाऊक आहेच. जिंकणारा वैर जोडतो, हरणारा गेलेल्या धनाचा शोक करतो, धनाचा नाश डोळ्यांदेखत होतो, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र व सोबती तुच्छ लेखतात, आणि विवाहसंबंधासाठी कोणी त्याची इच्छा करीत नाही. चित्रपट यांतील बहुतेक गोष्टी जणू क्रमवार दाखवितो. निक एकटा आहे, घर नाही. खाणावळीतील वाढपी रॉक्सी आणि पत्ते वाटणारी कॅसँड्रा हीच त्याची माणसे. वैराचा मुद्दा तर डीमार्कोच्या रूपाने चालून येतो. अपमान झालेला माणूस स्वस्थ बसत नाही.

एका ठिकाणी मात्र चित्रपट उलट दिशेने जातो. व्हेगासमधील ‘बेबी’ हा वजनदार बडा माणूस (स्टॅनली टुची यांनी तो मोठ्या मजेने रंगविला आहे) डीमार्कोचा आरोप ऐकून निकला बोलावतो आणि निकचाच शब्द ग्राह्य धरतो. जुगाऱ्याचा शब्द सभेत टिकतो! अर्थात ती सभाच जुगाऱ्यांची. तेथे दुसरे माप कोणते असणार? दिग्दर्शकाने हा विनोद जाणून केला असेल तर उत्तमच, पण आम्हांस तसे वाटत नाही. त्याला निकची शान वाढवायची होती.

मारामाऱ्यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. निक बंदूक वापरीत नाही; हाताशी येईल ते, क्रेडिट कार्ड असो वा चमचा, शस्त्र होते. कसब निर्विवाद आहे. पण कॅमेरा गती मंद करून प्रत्येक घाव चाखीत राहतो आणि मेजावर दिसलेला खचलेला माणूस अकस्मात अजिंक्य होतो. एका प्रेक्षकवर्गास खूष करण्याच्या या खटपटीत दुसरा दुरावला, आणि पहिलाही पुरता खूष झाला नाही.

खरा दोष शेवटात आहे. सायरस किनिक हा तरुण धनाढ्य निककडे धैर्य शिकायला आलेला. अखेरच्या संकटात तो प्रसंगावधान दाखवून निकच्या उपयोगी पडतो आणि मग त्याच्या हाती पाच लाखांचा धनादेश व कॉर्सिकाचे तिकीट ठेवतो. निक शहर सोडतो, चित्रपट संपतो. पण पाच लाख त्याला पुरले नव्हते, हे आम्ही अर्ध्या तासापूर्वीच पाहिले! तीच रक्कम दुसऱ्याच्या हातून आली म्हणून ती पुरेशी कशी झाली? किनिकच्या औदार्याने निकची वाट मोकळी झाली, तृष्णेचे काय झाले हे कोणी विचारीत नाही. कॉर्सिकातील अजाक्सिओ शहरातही कॅसिनो आहेच.

ही कथा गोल्डमन यांनी 1985 साली ‘हीट’ या कादंबरीत लिहिली होती. 1986 चा बर्ट रेनॉल्ड्स यांचा त्याच नावाचा चित्रपट तिच्यावरच आधारलेला. त्यात नायकाचे स्वप्न व्हेनिसचे आणि हवी असलेली रक्कम एक लाख डॉलर. तीस वर्षांत बेत बदलला, रक्कम पाचपट झाली, परंतु मेजावरचा तो एक डाव गोल्डमन यांनी जसाच्या तसा ठेवला. दोन्ही चित्रपटांपैकी तेवढा भाग पुन्हा पाहण्याजोगा आहे.